पाझर

वहिनीला नवा माठ घ्यायचा होता म्हणून तिच्यासोबत कुंभारबाबांच्या अंगणात गेले होते. सकाळचे नऊच वाजले होते, पण निंबाच्या सावलीबाहेरची माती चपलेतूनही चटका देत होती. वहिनी एकेक माठ बोटाच्या पेरानं वाजवून पाहत होती, मी मागे उभी. बाबांनी हाताचा आडोसा धरून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "तू मास्तरची पोरगी नं व? समुद्रापाशी गेल्ती? माहा माठ नेल्ता तू." मी हो म्हटलं. "पानी थंडं करते का तो तिकडं?" आणि मी क्षणही न थांबता म्हणून टाकलं, "हो बाबा, एकदम गार." त्यांचा चेहरा उजळला. घराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "आयकलं का व? समुद्रापाशी बी थंडं करते म्हने आपला माठ!"

एवढंच झालं. पण संध्याकाळी दादा पानठेल्यावरून आला तो हसतच. "बुढा साऱ्या गावाले सांगून रायला, माहा माठ समुद्रकाठी चालते म्हनून." सगळ्यांना कौतुक वाटलं. मला त्या रात्री अंगणातल्या खाटेवर झोप लागेना.

खरं म्हणजे तो माठ एक दिवसही थंड पाणी देऊ शकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी यांना विशाखापट्टणमला बंदराचं काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पगार बरा होता, लेकीसाठी शाळा चांगली होती, आणि वर्धेतलं यांचं आधीचं काम आज-उद्या बंद पडेल अशा अवस्थेत होतं. नाही म्हणायला काही जागाच नव्हती, म्हणून मी नाही म्हटलं नाही. अकरा वर्षं मी चौथीच्या वर्गाला शिकवत होते. शेवटच्या दिवशी मुलांनी फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलं होतं, ते पुसायचं माझ्याच्यानं झालं नाही. तसंच ठेवून आले. जाण्याआधी आर्वीजवळच्या आमच्या गावी आईला भेटायला आले आणि जाता जाता हा माठ घेतला. नागपूरहून समता एक्सप्रेस. गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा. नावं बदलत गेली, लिपी बदलत गेली, आणि गोधडीत गुंडाळलेला माठ कधी माझ्या, कधी लेकीच्या मांडीवर. हे म्हणाले होते, तिथेही मिळतात माठ. मिळत असतील. पण मला आमच्या नाल्याकाठच्या मातीचा हवा होता.

नाना, म्हणजे माझे वडील, शाळेतून भर उन्हाचे घरी यायचे तेव्हा आधी बसायचे नाहीत. डोक्याचा दुपट्टा सोडत सोडत थेट माठापाशी जायचे आणि उभ्यानंच लोटाभर पाणी घशात ओतायचे. आई रागवायची, उन्हातून आल्याआल्या पाणी पिऊ नये, पिऊ नये. ते ऐकायचे नाहीत. पाणी पिऊन झालं की तोंडातून 'हा' असा एक लांब आवाज निघायचा आणि मग ते आमचे नाना व्हायचे. तोवर ते उन्हाचेच असायचे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरतात. ती भरून झाल्याशिवाय आई नव्या माठाचं पाणी कुणाला पिऊ देत नाही. नाना गेल्यावरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला आईनं घागर भरली, त्यात वाळ्याची जुडी सोडली आणि काही न बोलता बराच वेळ घागरीच्या अंगावर तळहात टेकवून बसून राहिली. थंड झाली का ते पाहत होती.

विशाखापट्टणमच्या घरात पहिल्या संध्याकाळी भांडीकुंडी लावायच्या आधी मी माठ धुतला, भरला आणि खिडकीपाशी तिपाईवर ठेवला. भोवती ओलं फडकं गुंडाळलं. सकाळी उठून पाहते तर पाणी जसंच्या तसं. माठ नुसता घामेजलेला, फडकं चिंब, आणि खाली फरशीवर पाणीच पाणी. आमच्याकडे माठाखालची जागा जेमतेम ओलसर होते, कारण अंगातून पाझरलेलं पाणी खाली पोचायच्या आधी हवा उचलून नेते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आत उरलेलं गार होतं. हे मी चौथीच्या मुलांना दर उन्हाळ्यात शिकवलेलं होतं. इथे हवा काही नेतच नव्हती. तिच्याजवळ तिचंच पाणी इतकं होतं की आमच्या माठाचं घ्यायला जागा नव्हती. तरी मी चार दिवस वाट पाहिली, जागा बदलून पाहिली, गॅलरीत ठेवला, पंख्याखाली ठेवला. पाचव्या दिवशी यांनी काही न बोलता फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवल्या.

माझ्या अंगाचंही तेच झालं. विदर्भातल्या माणसाला घाम दिसत नाही. येतो खूप, पण येताच वाळतो. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, त्यावरून कळतं किती आला ते. तिथे मात्र घाम जाईचना. कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात, मानेवरून पाठीत. आंघोळ करून टॉवेलनं अंग पुसावं तर पुसतानाच पुन्हा ओलं. कपाटातल्या वह्यांना बुरशीचा वास, डब्यातल्या मिठाला सुटलेलं पाणी, आईनं दिलेल्या विळीवर महिनाभरात तांबडा गंज. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन दिवस ऊन पडलं म्हणून हौसेनं मुगवड्या घातल्या. आमच्या गच्चीवर त्या दिवसभरात खडखडीत होतात. तिथे तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास आला आणि मी सगळं ताट पिशवीत बांधून खाली टाकून आले. येताना जिन्यात बसून रडले. मुगवड्यांसाठी कोणी रडत नाही हे मलाही कळत होतं.

खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी मला रडताना पाहिलं. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. आकाशाकडे बोट करून, पदरानं वारा घेत त्या म्हणाल्या, "उक्कपोत." मग तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून दाखवला, माझ्याकडून म्हणवून घेतला. आमच्या उकाड्याच्या किती जवळचा शब्द! त्यांनी मला आत नेलं आणि तांब्याच्या घागरीतलं पाणी दिलं. पाणी थंड नव्हतं, पण ओठाशी नेताच एक ओळखीचा वास आला आणि मी ओरडलेच, "वाळा!" त्यांनी घागरीतून मुळांची जुडी काढून दाखवली. "वट्टिवेरु," त्या म्हणाल्या. मी म्हटलं वाळा, त्या म्हणाल्या वट्टिवेरु, असं आमचं पाच-सहा वेळा झालं. लहानपणी आर्वीच्या कचेरीच्या दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी शिंपडणारा शिपाई आणि आत शिरताच अंगावर येणारी ती गार, मातकट झुळूक, हे सगळं त्या एका पेल्यात होतं. त्यांना ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. अकरा वर्षं बोलण्यावर पोट भरलेली बाई मी, आणि मला फक्त पेला रिकामा करून परत पुढे करता आला.

पुढे त्यांनीच मला तिथला उन्हाळा शिकवला. सकाळी आठ ते दुपारपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट, कारण जमिनीकडचा वारा समुद्राचा वारा अडवून धरतो. त्या वेळी अक्का दारात येऊन म्हणत, "गाली लेदू." वारा नाही. मग कधी अकराला, कधी बाराला समोरच्या नारळाच्या झावळ्या एकदम शहराकडे वळतात. ते दिसलं की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. तो समुद्रावरचा वारा पहिल्यांदा अंगाला लागला तेव्हा मला कळलं की इथली माणसं दिवसभर कशाची वाट पाहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वाऱ्याची भीती वाटते. लू लागते, घोळणा फुटतो, आई खिशात कांदा घातल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नाही. दुपारी दारं-खिडक्या बंद करून अंधारात पडायचं हीच आमची रीत. तिथे खिडकी बंद केली की जीव घाबरा होतो. तीस-पस्तीस वर्षं अंगात मुरलेली सवय उलटी करायला मला दोन उन्हाळे लागले.

आणि आकड्यांचं दुखणं वेगळंच. मे महिन्यात दादाचा फोन यायचा. "किती हाय तुमच्याकडं?" मी सांगायची, 34. "34? आमच्याकडं 45 चाललं! तू त मजेत हाय बाई." काय सांगणार? चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं देशभरच्या बातम्यांत पहिल्या ओळीत येतात. त्या 45 मध्ये आमच्या गावच्या बाया सकाळी सहापासून शेतात पऱ्हाट्या वेचतात, धुऱ्यावरच्या बाभळीखाली भाकर खातात आणि पुन्हा वाकतात. आईच्या विहिरीचं पाणी मे लागला की तळाला जातं. त्यांच्यापुढे मी पंख्याखाली बसून 34 चं गाऱ्हाणं कोणत्या तोंडानं करू? मग मी म्हणायची, "हो, बरं आहे." आईलाही तेच. यांनाही तेच, कारण त्यांना रोज बंदरावरच्या लोखंडाच्या उन्हातून घरी येताना पाहत होते. 'बरं आहे' हे इतक्यांदा म्हटलं की कधी कधी मलाच वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय, मीच नाजूक झाले असेन.

यावर्षी फेब्रुवारीत लेकीनं शाळेच्या प्रकल्पासाठी दोन तापमापक आणले. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. एप्रिलपासून रोज दुपारी वहीत दोन्ही आकडे लिहायची. एका दुपारी ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली. कोरडा 34, ओला 30. "आई, ओल्याच्या खाली माठ जाऊच शकत नाही. अंगाचा घामही नाही. इथे पाणी कितीही उडालं तरी 30 च्या खाली काही थंड होणारच नाही." मी हातातलं पोळपाट तसंच ठेवून ती वही पुन्हा पुन्हा वाचली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं लिहून दाखवलं होतं. नवव्या वर्गातली पोरगी, तिला वाटलं मी तिच्या अक्षराकडे पाहतेय.

त्यानंतर काही दिवसांनी अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी अक्का पहाटे तीनलाच सिंहाचलमला निघाल्या. तिथला वराहलक्ष्मीनरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो; उग्र देव, त्याचा दाह शांत राहावा म्हणून. फक्त अक्षय्य तृतीयेला लेप उतरवतात आणि लोकांना त्याचं मूळ रूप दिसतं, मग पुन्हा चंदन चढतं. मी एरवी एकदा जाऊन आले होते. चंदनाचा तो ओबडधोबड गोळा, त्यात डोळे नाहीत, मुख नाही, आणि तरी समोर उभं राहिल्यावर वाटलं होतं की या गावानं आपल्या देवालाही उन्हाळ्यात एकटं सोडलेलं नाही. अक्का गेल्यावर मी घरी नानांच्या नावानं माठ भरला. वट्टिवेरुची जुडी सोडली. फूल वाहिलं. आईसारखा तळहात माठाला टेकवला. कोमट. हात काढावासा वाटेना आणि ठेवावासाही वाटेना. नानांना कोमट पाणी कधी चाललं नाही. मी फ्रिजमधून बाटली काढली, माठात ओतायला वाकले आणि थांबले. ते फसवणं झालं असतं. तसंच कोमट पाणी ठेवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, नाना, इथे एवढंच होतं.

म्हणून कुंभारबाबांनी विचारलं तेव्हा ते खोटं इतक्या पटकन तोंडातून आलं असावं. त्यांच्या माठाला मी नापास कसं करू? आणि तरीही ते गावभर सांगत सुटले तेव्हा मला लाज वाटली. बाबांनी साठ-पासष्ट वर्षं माती मळली. माती नुसती असली तर माठ तडकतो, म्हणून तिच्यात लीद, राख, भुसा किती घालायचा हे त्यांचा हात सांगतो; भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी जी बारीक छिद्रं राहतात त्यांतूनच पाणी पाझरतं. फार भाजला तर माठ दगड होतो, पाझरत नाही. त्या माणसाला आपल्या कामाची खरी खबर मिळायला हवी होती. आपण चौथीच्या पोरालाही चुकीचं उत्तर बरोबर म्हणून दिलं नसतं.

तिसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेले. तिनं सोबत दोन्ही तापमापक आणले होते. बाबा चाकापाशी नव्हते. अंगणात बसून एका कच्च्या माठाचा बुड लाकडी थापीनं थोपटत होते, आतून दुसऱ्या हातात दगडी गोळा धरून. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. बाबा, मी त्या दिवशी खोटं बोलले. त्या माठानं पाणी थंड केलं नाही. एकदाही नाही.

थापी थांबली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पाझरत होता का?"

"पाझरायचा. रोज सकाळी खाली फरशी ओली व्हायची."

"फडकं ओलं?"

"चिंब."

"मंग माठ बराबर हाय," ते म्हणाले आणि थापी पुन्हा चालू झाली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. मीच त्यांना तीन दिवस शाबासकी देऊन ठेवली होती आणि आत कुठेतरी त्यांना ती पटली नव्हती की काय कोण जाणे. लेकीनं तापमापक सावलीत टांगले. दहा मिनिटांनी कोरडा 43, ओला 24. मग एक तिनं बाबांच्या स्वतःच्या पाण्याच्या माठात सोडला, पारा 27 वर येऊन थांबला. बाबांना आकडे वाचता येतात. त्यांनी तापमापक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लेकीला पुन्हा पुन्हा विचारलं, तिकडचा ओला किती म्हनलं तू? 30. आणि कोरडा? 34. "म्हंजे हवाच ओली," ते म्हणाले. "हवाच ओली त पानी जाईन कुठी?" लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या वहीतलं पानभर लिखाण त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

मग त्यांना वेगळीच उत्सुकता लागली. तिकडे कुंभार आहेत का? ते कसा करतात माठ? पातळ करतात का, भुसा जास्त घालतात का? बुड रुंद ठेवतात का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तीन वर्षं मी त्या गावात आपल्या गावचा माठ जपत बसले, तिथल्या कुंभाराचं अंगण एकदाही शोधलं नाही. बाबांना हे सांगताना खोटं कबूल करतानापेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं. तिथूनच अक्कांना फोन लावला. माझ्या तोडक्यामोडक्या तेलुगूत, माठ करणारा माणूस, माती, चाक, असं सांगत राहिले. पलीकडून त्यांचं हसू आलं. "कुम्मरी? उन्नारु, उन्नारु!" आहेत, आहेत. शहराबाहेर त्यांच्या बहिणीच्या गावी आहेत, आलीस की जाऊ.

"काय म्हने?" बाबांनी विचारलं.

"आहेत म्हणे. तिकडे कुम्मरी म्हणतात."

"कुम्मरी," बाबांनी तोंडात घोळवून पाहिलं. आतून आजी बाहेर आल्या होत्या, त्यांनाही म्हणून दाखवलं. मग थापी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांची माती एकमेकांवर चोळत मला सांगितलं, "पुढच्या खेपेला येजो त थोडी माती आणजो त्याच्या घरची. मळलेली नको, सुकीच. पाहू दे कशी रायते."

परवा परतायचं आहे. आईनं बॅगेत मुगवड्या, कुरड्या, सरगुंडे भरलेत, घट्ट झाकणाच्या डब्यांत, कापडात गुंडाळून. एक डबा मात्र मी रिकामाच ठेवायला सांगितला आहे.